कासारमामांचा उजवा हात

पहिली बांगडी फुटली तेव्हा मामा हसले. दुसरी फुटली तेव्हा त्यांनी दाराकडे पाहिलं.

"आत येत न्हाई न्हवं ती?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. मामी बाहेर बाकावर बसल्यात. त्यांना सुया बघवत नाहीत, तुम्हाला माहितीये ना?"

"मग ह्ये तुकडं गोळा कर पोरी. कागदात बांध आन् लांब नेऊन टाक. तिला कळलं तर नातीचं लगीन हुईस्तवर घशाखाली घास उतरायचा न्हाई तिच्या."

"दोन बांगड्या फुटल्या म्हणून?"

"वाढवल्या म्हणावं," मामा म्हणाले. "फुटल्या म्हणू नये."

मी हसत हसत तुकडे वेचले. माझ्या मनगटावर एक बारीक ओरखडा उठला होता आणि त्यावर रक्ताचा थेंब धरला होता. मामांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. चाळीस वर्षांत माझ्या हातनं कुणाच्या हाताला काच लागली न्हाई, असं ते पहिल्या दिवसापासून ऐकवायचे, आणि पंचक्रोशीतल्या बायका त्याला साक्ष होत्या. मी म्हटलं, आज माझाच हात घामेजला होता. ते उजवा हात डोळ्यांसमोर धरून नुसते बघत राहिले.

ही गोष्ट कराडची, आणि तीस वर्षांहून जुनी. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. होमिओपॅथीची पदवी पदरात होती, पण स्वतःची पाटी लावायची ऐपत नव्हती आणि धाडसही नव्हतं. म्हणून मी टेंबे सरांच्या दवाखान्यात अॅक्युपंक्चर शिकायला राहिले. सर मूळचे साधे एमबीबीएस. चीनमध्ये तीन महिने राहून ही विद्या घेऊन आले आणि तेव्हापासून गावाने त्यांचं डॉक्टर हे नाव पुसून सुईवाले असं नवं नाव ठेवलं. लकव्याचे, कंबरदुखीचे, कुठे काही गुण न आलेले असे सगळे शेवटी त्यांच्या दारात यायचे. सुयांच्या जोडीने सर वाळक्या पानांच्या चिनी विड्या पेटवून पेशंटच्या अंगाजवळ धरायचे, त्यामुळे आमच्या खोलीला कायम नुकत्याच विझलेल्या होमाचा वास असायचा. सरांचा स्वभाव कडक होता. चूक ते सोसायचे, पण खोटं बोललेलं त्यांना खपत नसे. स्वतःच्या बाबतीत तर ते आणखीच कठोर होते.

नरहर कासार आमच्याकडे माघात आले. बांगड्या भरणाऱ्याला बायका मामाच म्हणतात, तसे तेही सगळ्यांचे कासारमामा. त्याआधी दोन महिने त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. मोठ्या इस्पितळात पंधरा दिवस काढले, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. पाय काठीच्या आधारापुरता सुधारला, बोलणं तर मुळात बिघडलंच नव्हतं. पण डावा हात गेला तो गेलाच.

आता कुणी म्हणेल, उजवा शाबूत होता ना, मग भागलं की. पण बांगडी भरायला दोन्ही हात लागतात. डाव्या हातानं समोरचीचं मनगट धरायचं, अंगठ्यानं तिच्या हाताची हाडं जवळ आणून पंजा मिटवायचा, आणि तो मिटलेला असतानाच उजव्यानं बांगडी चढवायची. मामा म्हणायचे, खरी कला डाव्याची, उजवा नुसता हमाल. आणि त्यांच्या नातीचं, सुवर्णाचं, लग्न वैशाखात ठरलं होतं. तिचे आईवडील ती लहान असतानाच गेले होते, आजीआजोबांनीच तिला वाढवलं होतं. तिचा हिरवा चुडा मी स्वतः भरणार, दुसऱ्या कासाराचा हात तिला लागू देणार नाही, हे मामांनी ती पाळण्यात असल्यापासून ठरवून टाकलं होतं. तेवढ्यासाठी ते काठी टेकत, रिक्षातून, एक दिवसाआड आमच्याकडे यायचे.

"मला चालायचं न्हाई फिरायचं न्हाई," त्यांनी सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "येक दीस, डाक्टर. एकाच दिवसापुरता ह्यो हात द्या मला. मागनं गेला तरी चालंल."

सर त्यावर हसले नव्हते. "मी वचन देत नाही," ते म्हणाले होते, "पण सोडूनही देणार नाही."

सुयांच्या आधी आमचा दोघांचा एक खेळ चालायचा. मामा पिशवीतून चार बांगड्या आणायचे आणि मी त्यांचा डावा हात व्हायचे. म्हणजे माझं उजवं मनगट मीच डाव्या हातानं धरायचं, ते सांगतील तिथे दाबायचं, आणि ते उजव्या हातानं बांगडी चढवायचे. "ढिला सोड हात. हाडात धरून बसू नगंस," असं ते मला म्हणायचे. थोड्याच वेळानं मी सुई घेऊन त्यांना हेच म्हणायचे. आम्हा दोघांना त्याचं हसू यायचं. त्या खेळात महिनाभरात एकही बांगडी फुटली नव्हती, आणि त्या सकाळी दोन फुटल्या, त्याही उजव्या हातात. मला वाटलं, लग्न जवळ आलं, म्हातारा हळवा झालाय.

आता सुईबद्दल थोडं सांगायला हवं. सुई अंगात गेली म्हणजे काम झालं असं नाही, हे सरांनी मला पहिल्या आठवड्यात घोकून घेतलं होतं. सुई आत गेल्यावर ती चिमटीत धरून फिरवायची, आणि पेशंटला तिथे काहीतरी वाटेपर्यंत थांबायचं. जड वाटलं पाहिजे, मुंग्या आल्या पाहिजेत, ठणकलं पाहिजे, नाहीतर भरून आल्यासारखं झालं पाहिजे. चिनी वैद्य त्याला काही वेगळं नाव देतात. सर म्हणायचे, सुई लागली.

"आणि विचारायचं नाही," सर बजावायचे. "जड वाटतं का म्हणून विचारलंस की पेशंट तुझं मन राखायला हो म्हणतो. आपल्या तोंडानं म्हणू दे. म्हणाला की ओळखायचं, लागली."

मामांना सुई कधी लागलीच नाही. काचेचे काप सोसून त्यांचे हात निबर झाले होते. डोक्यात घाला, पायात घाला, हातात घाला, त्यांचं म्हणणं एकच.

"डास चावल्यावानी."

सर वैतागायचे. एकदा मला म्हणाले, "हे म्हातारं ज्या दिवशी जड म्हणेल ना, त्या दिवशी दवाखान्यात मी स्वतः पेढे वाटीन." तेव्हापासून माझ्या मनाने घेतलं होतं की तो शब्द माझ्या हाताखाली यावा. मी सरांच्या मानाने कालची पोर, पण हाव सरांपेक्षा मोठी होती. हे मी आता कबूल करते. तेव्हा त्याला मी तळमळ म्हणत होते.

शेवटी सरांनी पद्धत बदलली. डाव्या हातातल्या सुया थांबवल्या आणि उजव्या, चांगल्या हातात सुरू केल्या. चिनी लोकांची ती जुनी रीत आहे, चांगल्या अंगाला चेतवून आजारी अंगाला हाक मारायची.

मामा ऐकून चकित झाले. "म्हंजी खोडी काढली धाकट्यानं आन् मार खायचा थोरल्यानं?"

"थोरला ओरडला की धाकटा जागा होतो," सर म्हणाले.

"बघा बुवा," मामा म्हणाले. "थोरल्यालाच काय झालं तर मग मला जेवायला कोण घालंल?"

आम्ही तिघंही हसलो होतो.

त्या सकाळी सर नव्हते. पाटणला दोन दिवसांचं शिबिर होतं, ते आदल्या दिवशीच गेले होते. जाताना मला सांगून गेले, कासारमामांच्या उजव्या हाताला अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात सुई घाल आणि या वेळी जोराची फिरव. घाबरू नकोस. आता पाच आठवडेच राहिलेत.

तर बांगड्यांचे तुकडे कागदात बांधून मी टेबलाच्या खणात ठेवले आणि मामांना कॉटवर निजवलं. रक्तदाब पाहिला. नेहमीपेक्षा थोडा चढा होता. म्हटलं, बांगड्यांनी मनाला लागलंय. त्यांनी दोनदा जांभई दिली.

"झोप नाही झाली का?"

"झाली की. पर सकाळधरनं आंबल्यावानी झालंय. चहाची बशी बी कलंडली हातातनं."

"कुठल्या हातातून?"

"आता कुठल्या म्हंजी? हाय कुठं दुसरा?" ते म्हणाले, आणि आपल्याच विनोदाला हसले. हसताना त्यांचं तोंड मला जरा वेगळं वाटलं, पण खिडकीतून ऊन त्यांच्या एकाच गालावर पडत होतं. मी पडदा ओढला.

आधी पायात सुया घातल्या, मग डोक्यात. "डास चावल्यावानी," ते प्रत्येक वेळी म्हणाले, मी न विचारताच. मग मी त्यांचा उजवा हात उशीवर घेतला, बेचका चाचपून जागा नक्की केली, स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई उचलली.

"पोरी," मामा म्हणाले, "हात जड झालाय गं."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आनंदाचा. "काय म्हणालात?"

"जड झालाय. माझा न्हाईच वाटत. मुंग्या बी हायत."

मी सुई घातली. जागा चुकली नाही. सरांनी सांगितली होती तशी जोराची फिरवली. "आता?"

"जड," ते म्हणाले. "लई जड."

मी केसपेपर ओढला आणि लिहिलं, उजवा हात, जडपणा व मुंग्या, सकाळी ९.४०. खाली लाल शाईनं दोन रेघा मारल्या. मग दार उघडून बाहेर धावले. मामी बाकावर पदर सावरत बसल्या होत्या.

"मामी, सुई लागली! मामांना सुई लागली!"

मामींना त्यातलं काही कळलं नाही, पण माझा चेहरा पाहून त्या उठल्या. "म्हंजी हात येनार का हो डाक्टरीणबाई?"

"येणार," मी म्हणाले. सरांनी महिनाभर जे वचन दिलं नव्हतं ते मी एका दमात देऊन टाकलं.

मामींच्या डोळ्यांत पाणी आलं. दवाखान्यात चहासाठी साखरेचा डबा असायचा, तो मी आणला. त्यांनी आधी माझ्या हातावर चिमूटभर ठेवली, मग पदराची कड डोळ्यांवर धरून, सुया दिसू नयेत म्हणून फक्त नवऱ्याच्या तोंडाकडे बघत आत आल्या आणि त्यांच्या ओठांत साखर घातली. मामांनी तोंड मिटलं. थोडी साखर उजव्या कोपऱ्यातून हनुवटीवर आली. मामींनी ती पदराने पुसली.

"बघा, ल्हान पोर झालंय नुस्तं," त्या म्हणाल्या. "ऐकलं का? हात येनार म्हनत्यात."

मामा बायकोकडे बघत राहिले. त्यांनी काहीतरी म्हटलं, पण ते साखरेसकट तोंडातच विरलं. मामी डोळे झाकत बाहेर गेल्या आणि कॉटशेजारच्या स्टुलावर मी बसले. पंचवीस मिनिटं सुया ठेवायच्या होत्या. सरांच्या सांगण्याप्रमाणे मी आणखी दोनदा त्या हातातली सुई फिरवली. दुसऱ्या वेळी मामा डोळे मिटून पडले होते. सुया चालू असताना पेशंटला झोप लागली की ते चांगलं लक्षण, असंही मी शिकले होते. मी सगळं चांगलंच शिकले होते. त्या खोलीत त्या सकाळी जे जे घडलं त्या प्रत्येकाला माझ्याकडे एक चांगलं नाव तयार होतं.

सुया काढल्या तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. "मामा, उठा," मी म्हणाले. त्यांनी डोळे उघडले. मी त्यांचा उजवा हात उचलून बसायला आधार देऊ लागले आणि हात माझ्या हातातून खाली घसरला. कॉटच्या कडेला आपटला आणि तसाच लोंबत राहिला. मामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचं तोंड उघडलं. आवाज आला, पण तो शब्द नव्हता.

मग रिक्षा कशी आणली, मामांना मी आणि रिक्षावाल्यानं मिळून कसं उचललं, मामी वाटेत काय ओरडत होत्या, मला आज नीट सांगता येणार नाही. इस्पितळात एक तरुण डॉक्टर होता. त्याने मामांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, तळपाय खरवडला आणि मान न उचलताच विचारलं.

"कधी सुरू झालं?"

"दहाच्या सुमारास," मी म्हणाले.

"आधी काही नव्हतं? हातातून वस्तू पडणं? तोंड वाकडं? जडपणा?"

मामी माझ्या शेजारी उभ्या होत्या. "न्हाई हो," त्या म्हणाल्या, "चांगलं बोलत हुते की सकाळी."

"नाही," मीही म्हणाले.

डॉक्टरने कागदावर लिहिलं. मेंदूच्या दुसऱ्या बाजूला झटका, एवढंच त्याने आम्हाला सांगितलं. जीव वाचेल, पण बोलणं आणि उजवं अंग यांचं काही सांगता येत नाही.

सर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. निरोप त्यांना पाटणलाच मिळाला होता. ते आधी इस्पितळात जाऊन मामांना बघून आले आणि मग दवाखान्यात. हात धुतले, खुर्चीवर बसले, केसपेपर मागितला. मी समोर उभी राहिले. लाल रेघांपर्यंत येऊन ते थांबले.

"हे नऊ चाळीसला म्हणाले?"

"हो सर."

"सुई घालायच्या आधी, की घातल्यावर?"

तो प्रश्न असा साधा आला, वेळ विचारावी तसा. आणि त्याच क्षणी आदल्या सकाळची सगळी खोली माझ्यापुढे उभी राहिली. मामा म्हणाले होते, पोरी, हात जड झालाय गं. आणि सुई माझ्या चिमटीत होती. बाहेर होती. मला ते तेव्हाही दिसलं होतं, डोळ्यांना दिसलं होतं, मी ते पुढे जाऊच दिलं नव्हतं. पायातली सुई हातात उमटली असेल, असं काहीतरी मनाशी म्हणून मी पुढे सरकले होते. बशी कलंडली, बांगड्या फुटल्या, साखर सांडली, आणि माणूस आपल्या तोंडानं सांगत होता की हात माझा वाटत नाही. त्यावर मी सुई फिरवली. एकदा नाही, तीनदा.

"नीट आठव," सर म्हणाले. "आधी की नंतर?"

मला भीती वाटली. दुसरं काहीही कारण नव्हतं, आणि मी वर्षानुवर्षं शोधूनही मला दुसरं सापडलेलं नाही. सर हाकलून देतील, गावभर होईल, मला साधा झटका ओळखता आला नाही असं लोक म्हणतील, याची भीती.

"नंतर," मी म्हणाले. "सुई फिरवल्यावर."

"नक्की?"

"नक्की सर."

मला वाटलं होतं, आता सुटले. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"आधी म्हणाले असते," ते हळू म्हणाले, "तर तो झटका आधीच सुरू झालेला होता. तुला ओळखता आला नाही म्हणून मी तुला फाडून खाल्लं असतं, पण सुईवर बोल आला नसता. सुईनंतर म्हणजे... रक्तदाब चढा असलेला माणूस. चांगल्या हातात घाल असं मी सांगितलं. जोराची फिरव असंही मीच सांगितलं."

"सर, तसं नसेल..."

"तू काय केलंस? मी सांगितलं तेच केलंस. तुझा यात काही दोष नाही, शैला."

दोष नाही. सरांच्या तोंडून ते शब्द ऐकण्यासाठी मी दुसरी कुठली किंमत दिली असती, तर आज मला झोप लागली असती. माझं तोंड उघडलं होतं. एक शब्द बदलायचा होता, नंतरच्या जागी आधी म्हणायचं होतं. सर माझ्याकडे बघतही होते. मग मी म्हणाले, "चहा करू का सर?" त्यांनी मान डोलावली आणि मी चहा करायला गेले.

आठ दिवसांनी मामांना घरी आणलं. सरांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही गेलो. बांगड्यांच्या दुकानामागेच त्यांचं घर होतं, मधल्या खोलीत पलंग टाकला होता. लग्न मोडलं नव्हतं. मुलाकडचे समंजस होते, तिथी तीच ठेवली होती, चुडा भरायला साताऱ्याहून मामांचा पुतण्या येणार होता. हे सगळं मामींनी दारातच सांगितलं. माझ्या पाठीवरून हात फिरवून त्या म्हणाल्या, "तू लई धावपळ केलीस गं पोरी त्या दिवशी."

मामांचे दोन्ही हात चादरीवर सरळ ठेवलेले होते. डोळे मात्र लख्ख जागे होते. सर पलंगाच्या कडेला बसले आणि मामींना म्हणाले, तुम्हीही ऐका. मग ते मामांशीच बोलले, मोठ्याने, प्रत्येक शब्द सुटा करून.

"मामा, तुमचा उजवा हात माझ्यामुळे गेला. तुमची वाचा माझ्यामुळे गेली. चांगल्या हातात सुई घालायला नको होती, मी घालायला लावली. या पोरीचा काही अपराध नाही, तिने माझा हुकूम पाळला. मी आजपासून सुई हातात धरणार नाही. तुम्ही मला क्षमा करा असंही मी म्हणत नाही."

मामींनी पदर तोंडाला लावला. मामा सरांकडे बघत होते. ते काय ऐकतात, किती समजतं, हे इस्पितळात कुणालाच सांगता आलं नव्हतं. मला त्या क्षणी कळलं की त्यांना सगळं समजतं. त्यांनी मान हलवली. डावीकडून उजवीकडे, जोरात, उशीवर डोकं घासत. नाही. परत हलवली. घशातून "न्... न्..." असा आवाज येऊ लागला, मानेच्या शिरा ताठल्या.

"आवो, असं करू नगा," मामी धावल्या. त्यांनी दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं. "डाक्टर, तुमी जावा जरा भायेर. ह्यांना सोसंना."

सर उठले. हात जोडून उभे राहिले. मामा मामींच्या तळव्यांमध्येही मान हलवतच होते. मग त्यांची नजर सरांवरून सरकली आणि माझ्यावर येऊन थांबली. ती रागाची असती तर मला बरं वाटलं असतं. पण ते माझ्याकडे आशेनं बघत होते. आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यांतल्या एकाला बोलता येत नव्हतं. दुसऱ्या माणसानं आता बोलावं, एवढंच ते मागत होते. स्वतःसाठी मागत नव्हते. सरांसाठी मागत होते.

मी पलंगाजवळचा रिकामा पेला उचलला. "पाणी घेऊन येते," असं म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे मी पेला भरला, ओतला, पुन्हा भरला. बाहेर सरांच्या चपलांचा आवाज येईपर्यंत मी तिथेच उभी होते.

सरांनी पुढे वीस-बावीस वर्षं साधा दवाखाना चालवला, खोकला-तापाचा. सुयांचे डबे आणि चीनहून आणलेली पुस्तकं त्यांनी मला देऊन टाकली. माझं पुढे बरं चाललं, पेशंट लांबून येतात. मामा त्यानंतर दीड वर्ष होते. मी त्या घरी पुन्हा गेले नाही. सरही गेले आता, तीन वर्षं झाली. शेवटच्या आजारात मी रोज जात होते त्यांच्याकडे, आणि रोज ठरवून जात होते.

पण त्या दिवसाचं पूर्ण सांगते. कासारांच्या घरून निघून आम्ही पेठेतून चालत होतो. भर सकाळ होती, दुकानं उघडी होती, लोक सरांना नमस्कार करत होते आणि सर कुणाकडे बघत नव्हते. चावडी चौकापर्यंत आलो तेव्हा ते थांबले.

"त्यांनी मान हलवली," ते म्हणाले. "पाहिलंस ना तू?"

"पाहिलं सर."

"मी क्षमा मागितली नव्हती, तरी त्यांनी उत्तर दिलं. नाही म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं." सरांनी माझ्याकडे पाहिलं. एवढा हुशार, एवढा ताठ माणूस, माझ्यासारख्या पोरीकडून खात्री करून घेत होता. "नाहीच म्हणाले ना? की मला तसं वाटलं?"

"नाही सर," मी म्हणाले, "नाहीच म्हणाले ते."